शिंगाड्याचा खर्रा

नवऱ्याच्या तोंडात किती बोटं मावतात हे दर रविवारी मोजायची पाळी येईल, असं मला कुणी लग्नाच्या मांडवात सांगितलं असतं तर मी हसून लोळले असते. आता ते हसू कुठं गेलं कोण जाणे. गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी आमच्या ह्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचीच तीन बोटं एकावर एक धरा आणि तोंडात घाला." ह्यांनी घातली. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं.

"तीन जायला हवीत," बाई म्हणाल्या. "तुमची दोनच जातायत. गालाची आतली कातडी पांढरी पडून कडक झालीय. खर्रा बंद केला नाहीत तर पुढं एकच जाईल, मग तेही नाही. आणि तोंड मिटलं की आत काय वाढतंय ते आम्हालाही दिसायचं नाही."

काय वाढतंय त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. आमच्या फुलचूरमध्ये गल्लीगणिक एक तरी माणूस गालाला रुमाल लावून फिरतो, आणि काही दिवसांनी तो रुमालही दिसेनासा होतो. परत येताना ऑटोत हे गाल चोळत बसले. मी मात्र भांडले, ह्यांच्याशी, ऑटोवाल्याशी, वाटेत आडव्या आलेल्या म्हशीशी. भीती वाटली की मला भांडायलाच सुचतं, लहानपणापासूनची खोड आहे.

आमच्याकडच्या नसलेल्या माणसाला खर्रा सांगायचा म्हणजे सोपा आहे. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि तळहातानं दाबून घोटायचा, चांगला एकजीव होईपर्यंत. झाला खर्रा. त्याला बंदी आहे म्हणतात. असेल, पानठेल्यावर तरी ती कधी पोचलेली दिसली नाही. पण हे झालं साहित्य आणि कृती. खर्रा कुणी एकटा खात नाही, खरी गोष्ट ती आहे. ज्यानं पन्नी काढली त्यानं घोटायची, मग उघडून समोरच्यापुढं धरायची, आणि समोरच्यानं चिमूट उचलायचीच. नाही म्हटलं तर विचारतात, "काऊन बा, काही राग हाये का?" सोयरीक जुळवायला बसले तरी खर्रा, मयतीची लाकडं रचतानाही खर्रा, आणि धानाच्या रोवण्याला आलेल्या बाया बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाय टाकण्याआधी मालकाकडे हात करतात तोही खर्र्यासाठीच. त्या हाताला नाही म्हणणारा मालक मी अजून पाहिलेला नाही.

मी धंद्यानं खायचे पदार्थ करणारी बाई. घराच्या मागच्या पडवीत आमच्या बचत गटाचं काम चालतं. मुरमुऱ्याचे लाडू, जवसाची चटणी, लाखोळीच्या डाळीची शेव, तांदळाचे पापड, असं इथं पिकतं त्याचंच आम्ही करतो. पुढच्या खोलीत ह्यांची पिठाची चक्की. माझ्या प्रत्येक नव्या पदार्थाची पहिली चव ह्यांची. चक्की बंद करून, हात झटकत मागं यायचे, एक घास तोंडात टाकायचे, छताकडे बघत चावायचे आणि सांगायचे, "ओवा झाला जास्त." किंवा, "मोहन कमी हाये, टाळूले चिकटते." कधी चुकले नाहीत आणि कधी गोडही बोलले नाहीत. गटातल्या बायांना त्यांचा धाक होता. मला अभिमान होता, पण तो मी कधी दाखवला नाही.

म्हणून मला वाटलं की ह्या माणसाचं तोंड उघडं ठेवणं माझ्याच हातात आहे. औषधपाणी बाईंनी करावं. मला येतं ते एवढंच, तोंडात टाकायला काहीतरी करून देणं. खर्र्याच्या जागी तोंडात ठेवावंसं वाटेल असं काहीतरी मी करीन, आणि ते जमलं की खर्रा आपोआप सुटेल, असा माझा हिशेब होता.

पहिलाच प्रयोग तोंडावर आपटला. मी तंबाखू काढली, चुना काढला, सुपारी खमंग भाजली, तिला बडीशेप आणि ओवा लावला. तंबाखूच वाईट, बाकी काय, असं आमच्यात सगळेच धरून चालतात. डबी घेऊन मी मोठ्या ऐटीत बाईंकडे गेले. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटून घेतले.

"काकू, गाल सुपारीनंच कडक होतात. तंबाखूचे भोग वेगळे आहेत. तोंड बंद करते ती सुपारी."

डबी त्यांच्याच कचऱ्याच्या बादलीत टाकून मी जिना उतरले. बाईंचा मला असा राग आला होता की जणू त्यांनीच सुपारीत काही घातलं होतं.

मग लाखोळी भाजून बघितली, तिखट-मीठ लावून. ह्यांनी तोंडात टाकली आणि दोन्ही हातांनी गाल धरले. डोळ्यांतून पाणी. जेवताना ज्यांना हिरवी मिरची दाताखाली लागायची, त्यांना आता वरणाची फोडणीही झोंबायची, हे मी विसरलेच होते. त्या दिवशी ते नुसत्या दहीभातावर राहिले. मग मुरमुरे आणि जवसाचा मऊ लाडू केला. तो त्यांनी खाल्ला, पण असा, की जणू कुणी शिक्षा दिली आहे.

"हे लेकरायचं खाणं हाये," म्हणाले.

"मंग तुमाले पायजे तरी काय?"

"दाढेखाली काहीतरी पायजे. कटकट वाजलं पायजे. सकारपासून चक्कीसमोर उभा रायतो मी, तोंडात काही नसलं त डोक्सं फिरते."

मी म्हटलं, तुमचं डोकं आहेच कुठं फिरायला. ते हसले. तेव्हा हसताना ह्यांचे दात दिसायचे.

कटकट वाजणारं, पण टोचणार नाही. चव असणारं, पण झोंबणार नाही. पटकन न संपणारं, पण चावून गाल दमवणारंही नाही. मी सगळं भाजून पाहिलं, तळून पाहिलं, वाळवून पाहिलं. चण्याची डाळ दगड व्हायची. पोहे विरघळायचे. आवळ्याच्या सुपारीनं तोंडातल्या जखमा चिडायच्या. गटाच्या बाया आपलं काम टाकून माझ्या नादी लागल्या होत्या, त्यांचेही मामे, भाऊ, नवरे त्याच वाटेवर होते ना. दर फसलेल्या ताटाबरोबर माझा आवाज चढत जायचा. एकदा मी परात अशी आपटली की शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं.

शिंगाडा सुचला तो आमच्या गटातल्या काकींना. माझं माहेर कामठ्याचं, तिकडच्या तलावांत मासेमार ढिवरांचा शिंगाडा निघतो. थंडीत मी पोतंभर आणून वाळवून ठेवते, उपासाच्या पिठासाठी. काकींनी वाळल्या शिंगाड्याचा एक तुकडा उचलला, कमरेचा अडकित्ता काढला आणि कातरून माझ्या हातावर ठेवला.

"पाय वो," त्या म्हणाल्या, "सुपारीच दिसते."

खरंच सुपारी दिसत होती, फक्त पांढरी. पण दाताखाली धरली तर खडा. मग मी शिंगाडा आधी उकडला, कातरला, अर्धाच वाळवला आणि कढईत रेतीत भाजला. कुरकुरीत झाला, आतून जरासा नरम राहिला. चव मात्र काहीच नाही. चवीसाठी आणि रंगासाठी मी मोहफुलं घेतली. मोह कोमट पाण्यात भिजवला, ते तांबूस गोड पाणी आटवलं आणि त्यात शिंगाड्याच्या त्या कातरलेल्या कापट्या मुरवल्या. पहिल्या खेपेला ते पाणी आटवायचं राहून गेलं आणि भांडं चैताच्या उन्हात तसंच झाकून ठेवलं. भांडं फसफसलं, घरभर जो वास सुटला तो विचारू नका. शेजारचे भाऊजी भिंतीवरून डोकं काढून मोठ्या आदरानं म्हणाले, "वैनी, पयल्या धारेची हाये का?" मी त्यांच्यावर धावून गेले, पण हे चक्कीतून बाहेर येऊन पोट धरून हसत होते. कितीतरी दिवसांनी हसले म्हणून मीही परत फिरले.

पुढची खेप चांगली उतरली. मोहात मुरलेल्या, वाळवून भाजलेल्या तांबड्या कापट्या, त्यांना जवसाची पूड, बडीशेप आणि चिमूटभर सैंधव. हे मागं आले. हात झटकले. चिमूट तोंडात टाकली, डाव्या दाढेखाली सरकवली, छताकडे बघितलं. आम्ही सगळ्या बाया हातातलं काम सोडून त्यांच्या जबड्याकडे बघत उभ्या. कट, असा बारीक आवाज आला. पुन्हा आला. ते चावत राहिले, चावत राहिले, आणि मग म्हणाले, "जमलं."

हा शब्द त्यांनी माझ्या कोणत्याच पदार्थाला आजवर दिला नव्हता. मी पडवीच्या मागं गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

पण दोन-चार दिवसांत पुडी चक्कीवर तशीच पडलेली दिसू लागली, आणि ह्यांच्या खिशात पुन्हा पन्नी. मी ती ओढून काढली.

"काऊन? जमलं म्हणत होते ना?"

"चव जमली," ते म्हणाले. "पण यात घोटायले काही नाई. पुडी फोडली, तोंडात टाकली, संपलं. कोनाले काय देऊ? समोरच्यापुढं पुडी धरली त तो म्हनते, हे काय, उपासाचं हाये का?"

मला ते एकदम पटलं, आणि इथंच माझी बुद्धी चालली. वाईट ह्याचं वाटतं की ती फार चांगली चालली. मी भुकटी वेगळी केली. जवस, बडीशेप आणि शिंगाड्याच्या पिठाला मोहाचा घट्ट पाक लावून ती अशी ओलसर ठेवली की घोटल्याशिवाय कापट्यांना लागूच नये. कापट्या आणि भुकटी एका पन्नीत, वर रबर. पन्नी काढा, दाबून घोटा, उघडा, समोरच्यापुढं धरा. सगळं खर्र्यासारखं, फक्त आत खर्रा नाही. गटाच्या बायांनी तिला नावही दिलं, शिंगाड्याचा खर्रा.

तो चालला. चक्कीवर दळण घेऊन आलेली माणसं हे पन्नी घोटेपर्यंत थांबायची आणि चिमूट घेऊन जायची. नाक्यावरच्या पानठेल्यावाल्यानं पन्न्यांची माळ पुढं टांगली. तो बोलणार हिंदीतच. "भाभी, लोग माँग रहे हैं," म्हणायचा, "आपका माल टिकता नहीं." मी दुप्पट शिंगाडा उकडायला लागले. रात्री झोपताना मला वाटायचं, आपण एकाचं तोंड वाचवायला निघालो आणि आता अख्ख्या गावाची तोंडं वाचतायत. एवढं मोठं काही माझ्या हातून होईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

हे घरी यायचे तेव्हा तोंडाला मोहाचा वास यायचा. तंबाखूचा अजिबात नाही. दात तांबडे दिसायचे, पण ते मोहाच्या रंगानं, मला माहीतच होतं, मीच तर मुरवला होता. दर रविवारी आंघोळ करून ते ओसरीतल्या खुर्चीवर बसायचे आणि बोटं एकावर एक धरून तोंडात घालायचे. दोन. पुढच्या रविवारीही दोन. मग दोन जाताना ते बोटं जरा तिरपी करायला लागले. मी म्हटलं, सरळ धरा. ते म्हणाले, "सरळच हायेत." बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी आत दिवा धरून पाहिलं आणि ह्यांना न विचारता मला विचारलं, "काकू, खर्रा नक्की बंद आहे ना?"

मी अशी तडकले की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. माझ्या नवऱ्यानं खर्रा सोडला आहे, म्हटलं, मी स्वतः सोडवला आहे, तुमच्या गोळ्यांतच दम नसेल. बाईंनी दिवा विझवला. हे खुर्चीत तोंड उघडं ठेवून, म्हणजे जेवढं उघडतं तेवढं ठेवून, छताकडे बघत होते. त्यांच्या त्या बघण्याकडे मी नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं.

रोवण्याच्या दिवसांत मी ह्यांच्या स्कूटरवर कामठ्याला भावाकडे गेले. हे आठवड्याआधीच एकदा जाऊन आले होते, त्याच्या बांधीत पाणी धरायला हात द्यायला. मी पिशवी भरून पन्न्या नेल्या. भावाला म्हटलं, यंदा तुझ्या रोवण्याच्या बायांना खर्रा द्यायचा नाही, माझा माल द्यायचा. तो म्हणाला, "बाया ऐकतीन का ताई?" मी म्हटलं, बघच तू.

सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाया ओळीनं उभ्या, लुगडी खोचलेली, हात पुढं. मी एकेकीच्या हातावर पन्नी ठेवत गेले, प्रसाद वाटावा तशी. हे मागं पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या उचलत होते. एका पोक्त बाईनं पन्नी बघितली आणि तिचा चेहरा खुलला.

"अवो, हे त थेच हाये ना, शिंगाड्याचं!" मग तिनं कमरेची स्वतःची पन्नी काढली, ती खर्र्याची, ती माझ्या पन्नीत रिकामी केली, रबर लावलं आणि मांडीवर घोटायला लागली. दुसरीनं तेच केलं. तिसरीनंही.

"हे काय करून रायल्या तुमी?" मी विचारलं.

"असंच खातेत ना याले," ती म्हणाली. "एकटं कोनी खाते का? खर्र्यात टाकलं का कडूपना जाते, अन् तोंड जरत नाई. दिवसभर खाल्लं तरी जरत नाई."

"कोनं सांगतलं तुमाले?"

ती माझ्या मागं बघून हसली. "आता घ्या. तुमच्या घरच्यायनंच त सांगतलं. मांगच्या हप्त्यात इथंच धुऱ्यावर घोटून देल्लं सगऱ्यायले."

मी वळले. हे हातात पेंढी धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली नाही, पळालेही नाहीत. पेंढीची मुळं पाण्यात हलवून धूत राहिले, चांगली स्वच्छ झाली तरी धूत राहिले. धुऱ्यावरच्या त्या बाईनं घोटलेली पन्नी उघडली आणि रीतीप्रमाणे पहिली माझ्यापुढं धरली. वास आला. मोहाचाच वास, फक्त मोहाचा. त्याच्याखाली तंबाखू असेल असं देवालाही कळलं नसतं.

परतीच्या वाटेवर स्कूटरवर मी मागं बसले होते आणि ह्यांच्या खांद्याला हात लावला नव्हता. गाव मागं पडल्यावर मी विचारलं, कधीपासून.

"पयल्यापासूनच," ते म्हणाले. मग पुढचं वळण घेऊन, "मी सोडून रायलो होतो वो. खरंच. थोडा खर्रा अन् जास्त तुहं, मंग खर्रा बंद, असं मनात होतं. पन दोन्ही मिसरलं अन् चव अशी जुरली... तोंडात बसली थे चव. माह्या जिभेले का करू मी?"

त्या जिभेला मी काय बोलणार. माझा सगळा धंदा त्या जिभेवर उभा होता. जे एकत्र करायचं कुणाला सुचलं नाही ते तिनं एका दिवसात ओळखलं होतं. आधी तोंड जळतं म्हणून हे खर्रा मधेच थुंकून द्यायचे. आता जळत नव्हतं. मी त्यांच्या तोंडातली एकुलती एक धोक्याची घंटा काढून टाकली होती, आणि वर गोड पाक लावला होता. मी स्कूटरवर मोठमोठ्यानं रडले. समोरून येणारे बघत गेले. बघू देत.

घरी न जाता मी स्कूटर ठेल्यावर थांबवायला लावली. ठेल्यावाला मला बघून खूश झाला. मी माळ ओढली, तुटली, पन्न्या नालीत पडल्या. तो कळवळून म्हणाला, "भाभी, क्या हुआ? माल में कुछ मिस्टेक है क्या? मस्त चल रहा है, अकेला तो कोई नहीं खाता पर खर्रे में डालो तो मक्खन!" त्याच्या तोंडावर पाप नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की मी ते त्यासाठीच केलं आहे. त्याचंही तोंड मी पहिल्यांदा नीट पाहिलं. बोलताना त्याचे वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून फारसे सुटत नव्हते.

गटात मी सांगितलं, आजपासून हे बंद. काकी म्हणाल्या, "आपन नाई देल्लं तरी लोक खर्रा खातेच. यानं कमी त खात असतीन."

"कमी नाई काकी, जास्त खाऊन रायले. गोड लागते म्हनून."

काकींनी अडकित्ता खाली ठेवला. त्यांचा मुलगा ई-रिक्षा चालवतो. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या.

आम्ही बंद केलं, ठेल्यांनी नाही. करायला अवघड असं त्यात होतं काय? उकडलेला शिंगाडा, मोहाचं पाणी, जवसाची पूड. आता नाक्यावरच्या त्याच ठेल्यावर तो स्वतः कातरतो, आणि बाजारातल्या गर्दीत मी दुसऱ्या ठेल्यावरही ऐकलं आहे, "एक शिंगाडावाला घोट." मी बाजूनं चालत जाते. भांडायला तोंड उघडते आणि मिटते. कुणाशी भांडू? त्यांच्या हातात माझीच पन्नी आहे, माझ्याच रीतीनं घोटलेली.

हे म्हणतात, त्या रोवण्यापासून त्यांनी खर्रा सोडला. सोडलाही असेल. माझा आता कोणत्याच वासावर विश्वास राहिलेला नाही. पण सोडून उपयोग काय झाला? गाल आणखी आवळले. बाई म्हणाल्या, नागपूरला न्या, आतून कातडी कापून बघतील, पण कापलेलं पुन्हा आवळू शकतं. आम्ही तारीख घेऊन ठेवली आहे. तोवर ह्यांच्या तोंडात भरला चमचा जात नाही. पोळी गेली, भात गेला. उरली पेज.

म्हणून मी आता पेजेचे प्रयोग करते. तांदळाची कणी, शिंगाड्याचं पीठ, भाजलेले जवस, गोडाला मोहाचं पाणी. तेच सगळं, जे मी कटकट वाजावं म्हणून कातरत होते, ते आता ह्यांच्याच चक्कीवर बारीक दळते. चक्की मीच चालवते, हे बाजूला स्टुलावर बसतात आणि दगड जवळ आणायची खूण करतात, आणखी बारीक, आणखी. जवसाचा एक कणही दातांच्या फटीत अडकला तर काढता येत नाही. पेज झाली की मी वाटी त्यांच्या ओठांशी धरते. ते फटीतून ओढून घेतात, छताकडे बघतात आणि अंगठा आणि बोट जुळवून दाखवतात, मीठ, एवढंसं. अजूनही चुकत नाहीत. मी मीठ घालते आणि त्यांच्यावर ओरडते की आधीच का नाही सांगितलं.

मागच्या रविवारी आंघोळ करून ते ओसरीत येऊन बसले. आपलं बोट वर केलं, तोंडापर्यंत नेलं आणि खाली घेतलं. माझ्याकडे बघितलं.

"तुह्या बोटानं मोजून पाय," ते दातांच्या आतूनच म्हणाले. "तुही बोटं बारीक हायेत."

बाईंनी सांगितलेलं माप स्वतःच्या बोटांचं होतं. ते त्यांनाही आठवत होतं, मलाही. मी एरवी म्हटलं असतं की शाळेत कॉपी करूनच पास झालात वाटतं. पण नाही म्हटलं. मोरीत जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि त्यांच्यासमोर खाली बसले. पहिलं बोट घातलं. ते गेलं, वरचे दात नखावर घासले. आत गाल चाचपला तर दोरी ताणल्यासारखा लागला. मग दुसरं बोट त्याच्या खाली आणलं. ते दातांवर टेकलं. मी थोडं ढकललं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी मान मागं घेतली नाही, उलट जबडा आणखी खाली ओढायला बघितला. गळ्याच्या शिरा फुगल्या. बोट होतं तिथंच होतं.

मी दोन्ही बोटं काढून घेतली. त्यांनी भुवया उंचावल्या, किती?

"दोन," मी म्हटलं. "सहज गेली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली आणि माझी ती दोन बोटं स्वतःच्या धोतरानं पुसून दिली, एकेक करून. मी उठले आणि पेज आणखी एकदा, बारीक कपड्यातून, गाळायला आत गेले.